सर्वांत कडवी पलटण कोणती?

जगाच्या इतिहासांत ज्या निवडक पलटणी होऊन गेल्या त्यांत सर्वांत कडवी कोणती, हा प्रश्न पोरकट आहे असें समजून कित्येक विद्वान् तो हंसण्यावारी नेतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या प्रश्नावर लष्करी पेशांतील जाणते लोक आणि शाळेंतील मुलें सारख्याच हिरिरीनें भांडतात, त्याच्या मुळाशीं मनुष्यस्वभावासंबंधीं कांहीं तरी खरें कुतूहल असलेंच पाहिजे. पळून जाण्याची वाट मोकळी असतां मनुष्य मरणासमोर उभा कां राहतो, हें तें कुतूहल होय. दोष प्रश्नाचा नाहीं. तो ज्या रीतीनें सोडविण्यांत येतो त्या रीतीचा आहे.

अलीकडे ह्या प्रश्नाचा निकाल निवडीच्या कठोरपणावरून लावण्याची चाल पडली आहे. डेव्हिड स्टर्लिंग यानें १९४१ सालीं उत्तर आफ्रिकेंत ब्रिटिशांची ‘स्पेशल एअर सर्व्हिस’ उभारली. तिच्यांत शिरूं पाहणार्‍या उमेदवारास पुढें वेल्समधील उजाड डोंगरांतून पाठीवर जड ओझें घेऊन एकट्यानें कोसच्या कोस चालावें लागूं लागलें. अमेरिकन आरमाराचीं ‘सील’ पथकें १९६२ सालीं निघालीं. त्यांच्या शिक्षणांत एक आठवडा असा येतो कीं, त्यांत उमेदवारास झोंप जवळजवळ मिळतच नाहीं आणि थंड पाण्यांत लोळावें लागतें. हें सर्व कठीण खरेंच. परंतु ही परीक्षा लढाईपूर्वींची आहे. मल्लाच्या छातीचा घेर मोजून कुस्तीचा निकाल सांगावा, तसाच हा प्रकार झाला. आमच्या मतें पलटणीचा कडवेपणा पाहावयाचा असेल तर दैव फिरल्यावर ती काय करते हें पाहिलें पाहिजे. पगार थकला, पुढारी गेला, डाव हरल्याचें दिसूं लागलें, अशा वेळीं जी रांग मोडत नाहीं तिचाच विचार करावा. ह्या कसोटीवर मोठमोठीं नांवें कशीं उतरतात तें पाहूं.

इराणी बादशहा झर्क्सीज याच्या ‘अमर’ सैन्यापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. हिरॉडोटस सांगतो कीं, ह्या दलांत बरोबर १०,००० शिपाई असत. एखादा मेला किंवा आजारी पडला कीं त्याची जागा लगेच भरली जाई, आणि म्हणून तें ‘अमर’. म्हणजे अमर होता तो आंकडा, माणसें नव्हेत. त्यांतील १,००० लोकांच्या भाल्यांना खालच्या टोकास सोन्याचीं डाळिंबें असत, बाकीच्यांच्या भाल्यांना चांदीचीं. आणि त्यांच्याबरोबर स्त्रिया व नोकर यांच्या गाड्या चालत. इ. स. पूर्वीं ४८० मध्यें थर्मॉपिलीच्या खिंडींत हें दल समोरून चालून गेलें, तेव्हां अरुंद जागा व आंखूड भाले यांमुळें त्याचें कांहीं चाललें नाहीं. मग एफिआल्टीस नांवाच्या फितुरानें दाखविलेल्या डोंगरवाटेनें रात्रींतून जाऊन त्यांनीं ग्रीकांची पाठ गांठली. काम झालें, पण तेवढ्यावरून त्यांना कडवे म्हणावें असें आम्हांस वाटत नाहीं.

त्या खिंडींत समोर उभे असलेले स्पार्टन लोक मात्र ह्या विषयाचे कुलदैवतच होऊन बसले आहेत. लिऑनिडसाच्या ३०० वीरांविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत भर घालण्याची आमची इच्छा नाहीं. फक्त दोन गोष्टींकडे वाचकांचें लक्ष वेधतों. थर्मॉपिलीनंतर ५५ वर्षांनीं, इ. स. पूर्वीं ४२५ मध्यें, स्फॅक्टीरिया बेटावर कोंडलेल्या २९२ लोकांनीं अथेन्सच्या सैन्यापुढें शस्त्रें ठेवलीं. त्यांत सुमारें १२० अस्सल स्पार्टन होते. सगळें ग्रीस थक्क झालें, कारण स्पार्टन मनुष्य शरण येऊं शकतो हेंच कोणास ठाऊक नव्हतें. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सातव्या वर्षीं मुलगा आईपासून काढून घेऊन छावणींत वाढविणारें, आणि हेलॉट नांवाच्या दासांच्या घामावर जगणारें हें राष्ट्र स्वतःचा कडवेपणा जपतां जपतां माणसांनींच संपत गेलें. झर्क्सीजच्या स्वारीच्या वेळीं स्पार्टाचे लढवय्ये नागरिक सुमारें ८,००० होते असें हिरॉडोटस म्हणतो. अ‍ॅरिस्टॉटल लिहितो तेव्हां ते १,००० सुद्धां उरले नव्हते. मुलें घडविण्याचा साचा उत्तम होता. पण त्यांत ओतावयास धातूच शिल्लक राहिली नाहीं.

स्पार्टाचा गर्व ज्यांनीं उतरविला ते थीब्जचे लोक. तेथील ‘पवित्र पथक’ अवघ्या ३०० माणसांचें. प्लूटार्कच्या सांगण्याप्रमाणें गॉर्गिडस यानें तें उभारलें, नगराच्या खर्चानें किल्ल्यावर ठेवलें, आणि त्यांत परस्परांवर अनुरक्त असलेल्या मित्रांच्या १५० जोड्या होत्या. ज्याच्यावर जीव जडला आहे त्याच्या डोळ्यांदेखत मनुष्य पाठ फिरवीत नाहीं, हें त्यांतील मर्म. आरंभीं हे लोक साऱ्या सैन्याच्या पुढच्या रांगांत विखरून उभे केले जात. पेलॉपिडसानें त्यांना एकत्र ठेवलें. इ. स. पूर्वीं ३७५ मध्यें टेगिरा येथें त्यांनीं आपल्याहून मोठ्या स्पार्टन फौजेस वाट सोडावयास लावलें, आणि ३७१ मध्यें ल्यूक्ट्राच्या रणांगणावर एपामिनाँडसच्या डाव्या बगलेनें स्पार्टाचा राजा व तेथें असलेल्या ७०० स्पार्टनांपैकीं ४०० जण लोळविले, तेव्हां हें पथक त्याच बगलेवर होतें. पुढें इ. स. पूर्वीं ३३८ मध्यें केरोनिया येथें मॅसिडोनियाच्या फिलिपाशीं गांठ पडली. मित्रसैन्य पळालें. हें पथक हललें नाहीं.

जुन्या कथालेखकांचें असें वर्णन वाचतांना मनांत शंका राहतेच. परंतु येथें मातीनेंच साक्ष दिली आहे. केरोनियास एक प्रचंड दगडी सिंह फुटक्या स्थितींत पडला होता. १८७९-८० मध्यें त्याच्या भोंवतीं उकरतां सात रांगांत ओळीनें पुरलेले २५४ सांगाडे सांपडले. हे त्या पथकाचेच होत असें बहुतेक अभ्यासक मानतात. तें खरें असेल तर ३०० पैकीं २५४ ही संख्या अतिशयोक्तीची नव्हे. किंबहुना उरलेले ४६ सर्वच मेले असें न दाखविल्यामुळें ती अधिकच खरी वाटते. आमच्या कसोटीला पूर्ण उतरणारी ही पहिली पलटण. मात्र तिच्यामागें स्वतःचें नगर होतें आणि शेजारीं प्रिय माणूस होता, हें विसरतां कामा नये.

आतां ज्यांच्यामागें नगर नव्हतें, अशांकडे वळूं. शिकंदराबरोबर सिंधु नदीपर्यंत येऊन गेलेल्या त्याच्या निवडक पायदळाला पुढें ‘रुपेरी ढालवाले’ हें नांव पडलें. शिकंदर मेल्यावर त्याच्या सरदारांत जी साठमारी माजली, तींत हे ३,००० जुने शिपाई युमेनीज नांवाच्या ग्रीक सेनापतीच्या पक्षास होते. डायोडोरस लिहितो कीं, त्यांतील सर्वांत तरुण शिपाई साठीच्या घरांतला, बहुतेक सत्तरीचे, आणि कित्येक त्याहूनही वृद्ध होते. आमच्याकडे ज्या वयांत मनुष्य नातवाचा हात धरून देवळांत जातो, त्या वयांत हे लोक इराणच्या पठारावर लांबच लांब भाले पेलून उभे होते. इ. स. पूर्वीं ३१७-१६ च्या हिंवाळ्यांत गाबिएनी येथें अँटिगोनसशीं शेवटची लढाई झाली. म्हातार्‍यांनीं समोरच्या जवान पायदळास आरोळी दिली कीं, पोरांनो, तुम्ही बापांवर हात उचलतां आहां. आणि मग ते चालून गेले. त्यांनीं ५,००० वर माणसें कापलीं आणि आपला एकही गमावला नाहीं असें डायोडोरस म्हणतो. हा आंकडा आम्ही जसाच्या तसा स्वीकारीत नाहीं. पण शत्रूचें सारें पायदळ त्यांनीं उधळून लावलें याविषयीं मतभेद नाहीं. कसबाच्या दृष्टीनें ह्याहून श्रेष्ठ पलटण जगानें पाहिली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

परंतु त्याच वेळीं त्या खारट मैदानांतून उठलेल्या धुळीच्या आडून अँटिगोनसच्या घोडदळानें युमेनीजचा तळ लुटला. तळावर ह्या शिपायांच्या बायका होत्या, मुलें होतीं, आणि तीस-चाळीस वर्षांच्या मुलुखगिरींत सांठविलेली सगळी पुंजी होती. रणांत जिंकलेले हे वृद्ध रात्रीं चुलीपाशीं हरले. त्यांनीं गुपचूप बोलणें लावलें, आपल्याच सेनापतीस बांधून शत्रूच्या स्वाधीन केलें, आणि बायकामुलें परत मिळविलीं. अँटिगोनसानें युमेनीजला मारिलें. ढालवाल्यांचा नायक अँटिजेनीस यास खड्ड्यांत घालून जिवंत जाळिलें. आणि बाकीच्यांपैकीं मोठा भाग हल्लींच्या कंदाहारच्या बाजूला, अ‍ॅराकोशियाच्या सुभेदाराकडे धाडून दिला. ह्यांना थोडथोडे करून अशा कामगिर्‍यांवर पाठवावें कीं ते परत येऊं नयेत, असा त्यास हुकूम होता.

ह्या लोकांस हरामखोर म्हणून मोकळें होणें सोपें आहे. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. ज्या राजाशीं त्यांनीं इमान राखिलें तो मरून सात वर्षें झालीं होतीं. युमेनीज त्यांचा कोण? त्यांच्या आयुष्याची सारी कमाई ज्या गाड्यांवर होती त्या गाड्याच त्यांचें नगर होत्या. तरीपण आमच्या कसोटीवर त्यांना उत्तीर्ण करतां येत नाहीं हेंही तितकेंच खरें.

राजाच्या अंगरक्षकांचा इतिहास फारसा लांबविण्याचें कारण नाहीं, कारण तो सर्वत्र एकाच वळणानें जातो. रोमच्या प्रिटोरियन शिपायांनीं इ. स. १९३ मध्यें पर्टिनॅक्स बादशहास ठार केलें आणि रोमचें सिंहासन लिलावास काढिलें. डिडियस ज्युलियानस यानें माणशीं २५,००० सेस्टर्सीस बोलून तें घेतलें. तुर्कांचे जानिसरी हे चौदाव्या शतकांत निघाले तेव्हां खरोखरच भयंकर सैन्य होतें. ख्रिस्ती रयतेचीं मुलें पकडून त्यांना मुसलमान करावें, लग्न व धंदा यांस मनाई करावी, आणि सुलतानाचें अन्न हेंच त्यांचें घर करावें, अशी ती योजना. त्यांच्या नायकाचा हुद्दाच मुळीं ‘सार वाढणारा’ असा होता, टोपींत चमचा खोंवलेला असे, आणि बंड करावयाचें झालें कीं ते स्वयंपाकाची कढई उपडी घालीत. खाल्ल्या मिठाला जागणें हा आमचा वाक्प्रचार त्यांना चांगला समजला असता. पण मीठ नाकारण्याची खूणही त्यांनींच ठरविली होती. १६२२ सालीं त्यांनीं दुसर्‍या उस्मान सुलतानाचा जीव घेतला. पुढें पुढें त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या बाजारांत विकल्या जाऊं लागल्या आणि वाण्या-उदम्यांनीं त्या घेऊन ठेविल्या. अखेर १५ जून १८२६ रोजीं दुसर्‍या महमूद सुलतानानें त्यांच्या बराकींवर तोफा डागून त्या जाळून टाकिल्या.

नेपोलियनच्या ‘जुन्या गार्डा’नें मात्र धन्यावर हात टाकिला नाहीं. अनेक मोहिमांतून तावून सुलाखून निघालेले, उंचेपुरे, मिशाळ असे हे शिपाई. नेपोलियन त्यांना लाडानें ‘कुरकुरे’ म्हणे, कारण बादशहासमोर तक्रार करण्याची मुभा त्यांनाच होती. परंतु त्यांची कीर्ति आणि त्यांचें प्रत्यक्ष लढणें यांत बरेंच अंतर आहे. ७ सप्टेंबर १८१२ रोजीं बोरोडिनो येथें दोन्हीकडचे हजारों लोक पडत असतां, सरदारांनीं आग्रह करूनही नेपोलियनानें जुन्या गार्डाचें पायदळ हलविलें नाहीं. घरापासून इतक्या दूर ही शेवटची पुंजी त्यास मोडवेना. साध्या पलटणींतले शिपाई ह्या गार्डाला उपहासानें ‘अमर’ म्हणत. झर्क्सीजच्या लोकांना जें नांव बढाईनें मिळालें तें ह्यांना टोमण्यानें मिळालें. १८ जून १८१५ रोजीं वॉटर्लूच्या टेंकडावर जो अखेरचा हल्ला मोडला तोही बहुतांशीं ‘मधल्या’ गार्डाचा होता. गार्ड मरेल पण शरण जाणार नाहीं, असे उद्गार कँब्रॉन सेनापतीच्या तोंडीं घातले जातात; त्यानें स्वतः ते नाकारले, आणि तो जिवंत पकडला गेला. तथापि त्याच दिवशीं प्लान्सन्वा गांवांत जुन्या गार्डाच्या दोन बटालियनी केवळ संगिनींवर प्रशियन फौजेला गांवाबाहेर रेटीत गेल्या, आणि सारी फौज पळत असतां पहिल्या ग्रेनेडियर रेजिमेंटचे दोन चौकोन न मोडतां पावलापावलानें मागें सरले. तेवढ्यापुरतें त्यांचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे.

ज्या फ्रेंच शब्दावरून ह्या गार्डाला नांव मिळालें, त्याच शब्दापासून आमचा ‘गारदी’ शब्द आला असें मानतात. मराठी मनांत ह्या शब्दाला एकच चित्र चिकटलें आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं थकलेल्या पगाराची ओरड करीत सुमेरसिंग गारदी व त्याचे लोक शनिवारवाड्यांत घुसले आणि अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यास त्यांनीं चुलत्याच्या डोळ्यांदेखत तोडिलें. ‘ध’ चा ‘मा’ कोणी केला याची चर्चा आमच्याकडे अजून संपली नाहीं. गारद्यांविषयीं मात्र कोणास चर्चा करावीशी वाटत नाहीं. ते मारेकरी, एवढेंच. पण त्याच्या साडेबारा वर्षें आधीं त्याच नांवाच्या लोकांनीं पानपतावर काय केलें होतें हें त्याशेजारीं ठेवून पाहिलें पाहिजे.

इब्राहिमखान गारदी हा दक्षिणेंत फ्रेंच सेनानी बुसी याच्या पद्धतीवर तयार झालेला. निजामाची नोकरी सुटल्यावर सदाशिवरावभाऊंनीं त्याला पदरीं घेतलें. त्याच्या लोकांस दरमहा रोख पगार लागे. सरंजामावर जगणार्‍या सरदारांना हें खुपत असे, आणि हुजूर खजिन्यालाही तें जड जाई. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेला काशीराज पंडित, जो त्या दिवशीं समोरच्या फौजेंत होता, असें लिहून ठेवतो कीं, १४ जानेवारी १७६१ च्या सकाळीं इब्राहिमखान भाऊंकडे आला. माझ्या लोकांच्या पगारासाठीं मी हट्ट धरतों म्हणून आपण माझ्यावर रुष्ट होतां. ह्या महिन्यांत खजिना लुटला गेला, आम्हांस कांहींच मिळालें नाहीं. त्याची चिंता नसावी. आजवर खाल्लेलें आज फेडून दाखवितों. अशा आशयाचें बोलून तो निघाला.

मग त्यानें दोन पलटणी आपल्या बगलेच्या रक्षणासाठीं तिरप्या उभ्या केल्या, स्वतः निशाण हातांत घेतलें, आणि सात पलटणी घेऊन हाफिज रहमतखान व दुंदेखान यांच्या रोहिल्यांवर संगिनींनीं तुटून पडला. आदल्या रात्रीं छावणींतला शेवटचा दाणा शिजला होता हें येथें ध्यानांत धरावें. सुमारें तीन तास हें हातघाईचें युद्ध चाललें. त्यांत आठ हजारांच्या आसपास रोहिले पडले किंवा जखमी झाले असें काशीराज म्हणतो. आणि इब्राहिमखानाच्या सहा पलटणी जवळजवळ नाहींशा झाल्या. खानाला भाल्याच्या अनेक जखमा झाल्या व एक गोळी लागली. तो शत्रूच्या हातीं सांपडला आणि कैदेंत मारला गेला. ही साक्ष विरुद्ध पक्षाच्या मनुष्याची आहे म्हणून तिचें मोल अधिक. हे शिपाई मराठे नव्हते. दक्षिणी मुसलमान, तेलंग अशा लोकांचा त्यांत भरणा. भाऊंच्या राज्यांत त्यांचें वतन नव्हतें, जात नव्हती, भाषाही बहुतेकांची निराळी. आणि ज्या पगारासाठीं ते आले होते तो त्या महिन्यांत झालाच नव्हता. रुपेरी ढालवाल्यांची पुंजी गेली तेव्हां त्यांनीं सेनापति विकला. ह्यांची पुंजी आधींच गेली होती, तरी ते चालून गेले. थीब्जच्या पथकाच्या पंक्तीस ह्यांना बसवावयास आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं.

मग १७७३ चें काय? पगार थकल्यावर एका सेनापतीचे गारदी मरतात आणि दुसर्‍याचे मारतात, ह्याचें उत्तर गारद्यांच्या रक्तांत शोधण्यापेक्षां त्यांना कोण पुढें नेत होता यांत शोधावें, असें कोणी म्हणेल. तें पुष्कळ अंशीं खरें आहे. इब्राहिमखान पगारासाठीं भांडणारा होता, पण लढाईच्या दिवशीं निशाण त्यानें स्वतः उचललें. सुमेरसिंगापुढें निशाण कोणतेंच नव्हतें. द्रव्याचें आमिष तेवढें होतें. परंतु पुढारी हेंच सर्वस्व मानावें तर आणखी एक उदाहरण आडवें येतें.

महादजी शिंद्यांनीं १७८४ मध्यें द बॉइन यास ठेवून जें कवायती पायदळ उभारलें, त्यांत बहुतेक लोक उत्तर हिंदुस्थानांतले होते, आणि त्यांचे अधिकारी युरोपियन. १८०३ सालीं इंग्रजांशीं युद्ध जुंपतांच गव्हर्नर जनरल वेलस्ली यानें जाहीरनामा काढून ह्या अधिकार्‍यांस फोडलें. सरसेनापति पेराँ सप्टेंबरांतच इंग्रजांच्या आसर्‍यास गेला. बाकीचे एकामागून एक त्याच वाटेनें गेले. पलटणी मागें राहिल्या. १ नोव्हेंबर १८०३ रोजीं अलवारजवळ लासवारी येथें जनरल लेकनें त्यांना गांठलें. लेकच्या बाजूचीं आठशेंवर माणसें पडलीं किंवा जखमी झालीं. हे लोक राक्षसांसारखे, नव्हे वीरांसारखे लढले, असें त्यानें कळविलें. आणि त्यांना फ्रेंच अधिकारी असते तर निकाल काय लागता हें सांगवत नाहीं, अशीही त्यानें पुस्ती जोडली. आम्हांस ह्या पुस्तीचें नवल वाटतें. अधिकारी होते तेच तर निघून गेले होते. सुमारें २,००० लोक पाडाव झाले. बाकीच्यांतले बहुतेक आपल्या तोफांपाशींच पडले होते.